हृदयांत शिरलेली नळी

जिवंत हृदयाच्या आंत परकी वस्तू शिरली तर तें तत्काळ बंद पडेल, अशी धास्ती वैद्यांस दीर्घकाळ होती. १९२९ सालीं जर्मनींतील एबर्सवाल्ड या लहान गांवच्या रुग्णालयांत वेर्नर फोर्समान या तरुण डॉक्टरानें ती खोटी ठरविली. औषध थेट हृदयापर्यंत पोंचवितां यावें, हा त्याचा हेतु. त्यानें मूत्रमार्गासाठीं वापरावयाची बारीक नळी स्वतःच्याच डाव्या कोपराजवळील शिरेंतून ६५ सेंटिमीटर आंत सरकविली, आणि ती तशीच ठेवून तो जिना उतरून क्ष-किरणांच्या खोलींत चालत गेला! छायाचित्रांत नळीचें टोक हृदयाच्या उजव्या कप्प्यांत दिसलें. वरिष्ठांची मनाई असतां केलेलें हें कृत्य अविचाराचेंच. तरी १९५६ च्या नोबेल पारितोषिकाचा तो एक वांटेकरी झाला.

हृदयासच रक्त पुरविणाऱ्या धमन्यांविषयींची भीति मात्र कायम होती. १९५८ सालीं क्लीव्हलंड येथें मेसन सोन्स याच्या तपासणींत क्ष-किरणांस अडविणारा द्रव चुकून अशा एका धमनींत गेला. क्षणभर हृदय थांबलें. रोग्यास खोकावयास लावतांच तें पुन्हां चालूं लागलें. धमनींतील अडथळा चित्रांत पाहतां येईल, हें त्यावरून कळलें. तो दूर करण्यास आणखी एकोणीस वर्षें लागलीं. १९७७ सालीं झुरिच येथें आन्द्रेआस ग्रुंत्सिग यानें टोकाशीं इवलासा फुगा असलेली नळी अरुंद धमनींत नेऊन तो फुगविला. रोगी जागाच होता. छाती चिरावी लागली नाहीं.