फौजदारी न्यायाचे शिक्षण : आपल्या मुलांसाठी एक दुर्लक्षित वाट

गेल्या एप्रिलमध्ये भीमजयंतीनिमित्त रियाधमधील आपली काही कुटुंबे एका घरी जमली होती. त्रिशरण-पंचशील झाले, जेवणे झाली आणि नेहमीप्रमाणे बोलणे मुलांच्या शिक्षणावर आले. कुणाचा मुलगा कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला होता, कुणाची मुलगी नीटच्या तयारीत होती. एका ताईंनी मात्र जरा संकोचून सांगितले, की नागपूरला बी.ए. करणारी त्यांची मुलगी पुढे क्रिमिनॉलॉजीत एम.ए. करायचे म्हणते आहे. क्षणभर कुणी काही बोलले नाही. मग एक ज्येष्ठ काका म्हणाले, "ताई, चोर-पोलिसांचं शिकून काय करायचं? पोलीस ठाण्याची पायरी चढायला लागू नये म्हणूनच तर आपण शिकलो ना?"

मी स्वतः सॉफ्टवेअरच्या क्षेत्रातला. त्या दिवशी मला उत्तर सुचले नाही. नंतर या विषयाची माहिती घेत गेलो, तेव्हा जाणवले की काकांचे वाक्य अर्धेच खरे आहे. आपण ती पायरी टाळू पाहतो. ती पायरी आपल्या समाजाला टाळत नाही.

प्रथम हे शिक्षण म्हणजे काय, ते पाहू. कायद्याची पदवी कलम काय सांगते ते शिकवते. फौजदारी न्यायाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम ते कलम प्रत्यक्षात कसे चालते, हे तपासतो. फिर्याद कशी नोंदवली जाते, तपास कुठे ढिला पडतो, जामीन कुणाला मिळतो, तुरुंगात कोण किती काळ राहतो, सुटल्यावर त्याचे आणि पीडित कुटुंबाचे काय होते, या साऱ्या साखळीचा तो अभ्यास आहे. त्यात समाजशास्त्र, मानसशास्त्र, कायदा आणि संख्याशास्त्र एकत्र येतात.

ही साखळी कुठे तुटते, हे आपल्याला पुस्तकातून शिकण्याची गरज नाही. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील खैरलांजी येथे भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. २००८ साली भंडाऱ्याच्या न्यायालयाने आरोपींना हत्येसाठी दोषी ठरवले. परंतु ॲट्रॉसिटी कायद्याखालील गुन्हा तेथे सिद्ध झाला नाही. २०१० मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशीच्या शिक्षा २५ वर्षांच्या कारावासात बदलल्या आणि जातीच्या प्रश्नावर तोच निष्कर्ष कायम ठेवला. ज्या घटनेत साऱ्या महाराष्ट्राला जात दिसली, त्या घटनेत न्यायालयीन नोंदीत ती दिसली नाही. न्यायालय आपल्या संतापावर निकाल देत नाही, ते समोर आलेल्या पुराव्यावर देते. पहिल्या जबाबात काय लिहिले गेले, काय सुटले, तपास कोणत्या दर्जाच्या अधिकाऱ्याने केला, याला तेथे अतोनात महत्त्व असते. १९९५ च्या नियमांनुसार असा तपास पोलीस उपअधीक्षकाहून कमी दर्जाच्या अधिकाऱ्याकडे देता येत नाही. हे फिर्यादीला पहिल्याच दिवशी सांगणारा जाणकार माणूस किती तालुक्यांत सापडेल?

साखळीच्या दुसऱ्या टोकालाही आपलीच माणसे आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार देशाच्या लोकसंख्येत अनुसूचित जातींचे प्रमाण १६.६ टक्के आहे. तुरुंगांतील कैद्यांमध्ये मात्र ते साधारण एक पंचमांश आहे. २०२२ च्या सरकारी आकडेवारीत देशातील दर चार कैद्यांपैकी तीन कच्चे कैदी होते, म्हणजे ज्यांचा गुन्हा अद्याप सिद्धच झालेला नाही. त्यांतले कित्येक जण जामीन मंजूर होऊनही जामीनदार नाही म्हणून आत राहतात. अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तीला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत कायदेशीर मदतीचा हक्क १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने दिला आहे. हक्क आहे, पण तो कैद्याच्या कोठडीपर्यंत पोहोचवणारे हात कमी आहेत.

अभ्यासाने काय साधते, याची दोन उदाहरणे देतो. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठातील अभ्यासकांनी देशातील फाशीच्या कैद्यांच्या आणि त्यांच्या कुटुंबीयांच्या मुलाखती घेतल्या आणि २०१६ मध्ये अहवाल प्रसिद्ध केला. या कैद्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश आर्थिकदृष्ट्या दुर्बल होते, आणि जवळपास तेवढेच मागास जातींतील वा धार्मिक अल्पसंख्याक होते. फाशी कुणाच्या वाट्याला येते, यावर तोवर मते होती. आता पुरावा झाला. दुसरे उदाहरण पत्रकार सुकन्या शांता यांचे. तुरुंगांत जातीनुसार कामे वाटली जातात, झाडू-सफाई विशिष्ट जातींकडे आणि स्वयंपाक उच्चवर्णीयांकडे, हे त्यांनी राज्याराज्यांच्या कारागृह नियमावल्या तपासून मांडले आणि सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी न्यायालयाने असे नियम घटनाबाह्य ठरवले आणि कैद्यांच्या नोंदवहीतील जातीचा रकाना काढण्याचा आदेश दिला. ते नियम कित्येक दशके छापील स्वरूपात उपलब्ध होते. प्रश्न ते वाचणाऱ्याचा होता.

बाबासाहेबांना आपण घटनाकार आणि अर्थतज्ज्ञ म्हणून स्मरतो. फौजदारी न्यायालयात उभे राहिलेले वकील म्हणून क्वचितच. कोलंबिया आणि लंडनच्या पदव्या घेऊन आलेल्या या बॅरिस्टरांनी १९२६ साली पुण्यात 'देशाचे दुश्मन' खटल्यात जेधे-जवळकरांची बाजू मांडली. १९३४ मध्ये 'समाजस्वास्थ्य'वरील अश्लीलतेच्या खटल्यात ते र. धों. कर्वे यांच्या बाजूने उभे राहिले. उच्च शिक्षण आरोपीच्या पिंजऱ्याशेजारी नेऊन उभे करणे त्यांना कमीपणाचे वाटले नाही.

आपण राहतो त्या सौदी अरेबियातही हा विषय दूरचा नाही. रियाधमधील नाएफ अरब सुरक्षा विज्ञान विद्यापीठाची सुरुवात १९७८ साली झाली. ते पदव्युत्तर शिक्षणाचे केंद्र असून तेथे फौजदारी न्याय आणि न्यायवैद्यक विज्ञान शिकवले जाते. ते अरब राष्ट्रांसाठी आहे आणि अध्यापन प्रामुख्याने अरबीतून चालते, म्हणून आपल्या मुलांसाठी ती वाट नव्हे. पण आपल्या कामगार बांधवांचा विचार करा. मालकाने 'हुरूब' लावला की इकामा अडचणीत येतो. समोर आलेला अरबी कागद न समजता त्यावर अंगठा उमटतो. भारत सरकारने २०२५ मध्ये संसदेत दिलेल्या माहितीनुसार सौदीच्या तुरुंगांत अडीच हजारांहून अधिक भारतीय होते. अटक झालेल्या परदेशी माणसाला आपल्या दूतावासाशी संपर्क साधण्याचा हक्क १९६३ च्या व्हिएन्ना करारात आहे. शिक्षा झालेल्या कैद्याला उरलेली शिक्षा मायदेशी भोगता यावी, यासाठी भारत आणि सौदी यांच्यात २०१० मध्ये करार झाला आहे. लेबर कॅम्पमधल्या किती जणांना हे ठाऊक आहे? आणि आपल्यापैकी किती जणांना?

शिकायचे कुठे? मुंबईत देवनारला टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत गुन्हेगारी आणि न्याय या विषयाला वाहिलेला समाजकार्याचा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. याच संस्थेचा 'प्रयास' हा प्रकल्प १९९० पासून तुरुंगांत आणि पोलीस ठाण्यांत काम करतो. राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठाच्या दिल्ली केंद्रात क्रिमिनॉलॉजीचे एम.ए. करता येते. परदेशी जायचे असल्यास महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आणि केंद्राची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती आहे. मात्र भारतीय समाजावरील संशोधनाचे विषय केंद्राने २०२२ पासून आपल्या योजनेतून वगळले आहेत. शिवाय उत्पन्नाच्या अटीमुळे आखातातील अनेक नोकरदारांच्या मुलांना या योजना मिळत नाहीत. त्यांचा खर्च पालकांनीच उचलायचा आहे.

पगाराविषयी मी खोटे सांगणार नाही. सुरुवातीला सॉफ्टवेअरइतका पैसा येथे मिळत नाही. कामे मात्र आहेत : परिवीक्षा अधिकारी, जिल्हा बाल संरक्षण कक्ष, विधी सेवा, कारागृहातील समाजकार्य, संशोधन, अध्यापन. पुढे अनुभव जमा झाला की बाल न्याय मंडळाचेही दार उघडते. तेथे दंडाधिकाऱ्यांसोबत दोन सामाजिक कार्यकर्ते सदस्य म्हणून बसतात; विधिसंघर्षग्रस्त बालकाच्या आयुष्याचा निर्णय ते मिळून करतात. त्या खुर्चीवर कोण बसते, याने एखाद्या वस्तीतल्या मुलाचे भविष्य बदलू शकते.

आपल्या पिढीने रियाल कमावून घरे बांधली, कर्जे फेडली, भावंडांना शिकवले. त्या कमाईतून एक स्वातंत्र्यही आले : घरातल्या एका तरी मुलाने पगाराचा विचार बाजूला ठेवून समाजाला लागणारे शिक्षण घ्यावे, एवढी ऐपत. प्रत्येक घराला ते जमणार नाही. ज्यांना जमते, त्यांनी आपल्या मुलीचा असा निर्णय संकोचून सांगू नये.

त्या ताईंना मी नंतर फोन केला. मुलीने प्रवेश परीक्षेचा अर्ज भरल्याचे त्यांनी सांगितले. काकांनी परीक्षेचे शुल्क पाठवले होते.

जयभीम!