खुर्ची उलटी करून पाहा

वारंगा फाट्यावर माझं सुतारकाम आहे. नांदेडकडून येणारा रस्ता इथं हिंगोली आणि यवतमाळकडे फुटतो, त्यामुळे माणसांबरोबर जुनं सामानही या फाट्यावरून जात असतं. कुठं वाडा मोडला की कोरीव खुर्च्या टेम्पोत चढतात. घेणारा त्यांना ‘विलायती महोगनी’ म्हणतो, देणारा सरपणाच्या भावात देऊन टाकतो. दोघांनाही घाई असते!

महोगनीची कोरीव खुर्ची म्हटली की जाणकारांना आयर्लंड आठवतं. 1721 साली ब्रिटनने वसाहतींतल्या लाकडावरची जकात उठवली आणि जमैकाकडची महोगनी तिकडे भरपूर येऊ लागली. टणक, कोरताना न फुटणारं लाकूड. आयरिश कारागिरांनी त्यात शिंपले, सिंहाची तोंडं, केसाळ पंजे कोरले. पुढं 1880 नंतर त्या घडणीची हौस पुन्हा आली आणि डब्लिनमध्ये जेम्स हिक्ससारख्यांनी तशाच खुर्च्या केल्या. त्यांना मी नकली म्हणणार नाही. काम हाताचंच, फक्त वय शे-दीडशे वर्षांनी कमी. लबाडी असते ती वय चढवून विकण्यात.

आपल्या मुंबईतही एकोणिसाव्या शतकात असंच घडलं. तिथल्या सुतारांनी मलबारच्या शिसवाला विलायती घाट दिला आणि वर आपली वेलबुट्टी कोरली. पारशी घरांत त्या खुर्च्या मानाने बसल्या. म्हणून आपल्याकडची काळी कोरीव खुर्ची महोगनीपेक्षा शिसवाची असण्याचा संभव जास्त. जुन्या पॉलिशखाली दोन्ही सारखीच दिसतात. तेव्हा खुर्ची उलटी करा आणि पॉलिश न लागलेली बाजू पाहा. महोगनी तांबूस, शिसव काळपट-जांभळं आणि हाताला जड.

उलटी केलीच आहे तर आणखी पाहा. करवतीचे ओरखडे गोलाकार असतील तर लाकूड यंत्रावर कापलेलं, म्हणजे बहुधा एकोणिसाव्या शतकातलं किंवा नंतरचं. टोकदार स्क्रूही त्या शतकाच्या मध्यानंतर रूढ झाला. पण स्क्रू दुरुस्तीत बदलतात, एकट्या स्क्रूवर भरवसा नको. डावा आणि उजवा पंजा ताडून बघा. हाताच्या कामात थोडा फरक राहतोच. जेवणाच्या मेजाभोवतीच्या जुन्या विलायती खुर्च्यांना बैठकीच्या आतल्या पट्टीवर पटाशीने रोमन आकडे पाडलेले आढळतात. नऊचा आकडा दिसला तर संच निदान नऊ खुर्च्यांचा होता. उरलेल्या आठ कुठं गेल्या, हे घरात विचारायला हवं.

शंभर वर्षांहून जुनी अशी कलावस्तू खासगी माणसाला परदेशी पाठवता येत नाही, 1972 चा कायदा आहे. ‘बाहेर लाखो मिळतील’ म्हणणाऱ्याला एवढं सांगा.

आणि सांधा हलतो म्हणून खिळा ठोकू नका, लाकूड चिरतं. जुने सांधे सरसाने जोडलेले असतात. कोमट पाण्याने सरस मऊ होतो, सांधा सुटतो, आणि साफ करून पुन्हा सरसानेच बसवता येतो.