ओल्या दोरीचा प्रकल्प

दहावीच्या भूगोलाच्या पुस्तकातली क्षेत्रभेट नळदुर्गहून अलिबागला जाते. बीडच्या मुलांना इतकं लांब जायला नको. पाटोदा तालुक्यातला बालाघाट हाच जलविभाजक: मांजरेचं पाणी गोदावरीला, तर सौताड्याच्या विंचरणेचं सीना-भीमेतून कृष्णेला!

पाणीपातळी मोजायच्या प्रकल्पाला मात्र गावातली एक विहीर पुरे. मोठ्या माणसाला सोबत घ्या. दोरीला दगड बांधून तळापर्यंत सोडा; कठड्याशी दोरीला गाठ मारा. वर ओढल्यावर गाठीपासून ओल्या खुणेपर्यंतची कोरडी दोरी टेपने मोजा, तीच पाण्याची पातळी. जागा दर वेळी तीच हवी, मोटार बंद हवी. मे आणि ऑक्टोबर, दोन्ही नोंदी घ्याच. गाइडमधून उतरवलेल्या पानांपेक्षा हे दोन आकडे मला मोलाचे वाटतात.