खडीबरोबर येणाऱ्या तणांचा खाणीवरच बंदोबस्त हवा

रस्ते, पूल, शाळा व घरे यांच्या बांधकामासाठी लागणारी खडी, मुरूम आणि चिरे खाणींतूनच मिळतात. पेडणे तालुक्यातील मोपासारखी जांभ्या दगडाची पठारे आणि लोहखनिजासाठी प्रसिद्ध असलेला डिचोली तालुका, या भागांत जमीन उकरण्याचे काम दीर्घकाळ चालत आले आहे. परंतु खाणीतून निघालेल्या ट्रकात केवळ दगडमाती असते असे नाही. तिच्याबरोबर उपद्रवी तणांचे बीही गावोगाव पोहोचते आणि त्याचा भुर्दंड शेतकऱ्यास सोसावा लागतो.

तण कसे माजते?

खोदकामात वरची माती व गवत नाहीसे होते. अशा उघड्या जमिनीवर स्थानिक झाडोरा लवकर रुजत नाही. ती जागा रानमोडी, गाजरगवत आणि घाणेरी बळकावतात. ही तिन्ही तणे मूळची अमेरिका खंडातील. गाजरगवत १९५५ च्या सुमारास पुण्यात प्रथम लक्षात आले व पुढे देशभर पसरले. त्याच्या एका झाडापासून हजारो बिया तयार होतात. त्याच्या संपर्काने अंगास खाज सुटते, परागांमुळे दम्याचा विकार बळावतो आणि ते खाणाऱ्या दुभत्या जनावरांच्या दुधास कडवटपणा येतो. रानमोडी कुरणे व काजूच्या बागा व्यापते; उन्हाळ्यात तिचे वाळलेले रान वणव्यास आयतेच इंधन ठरते.

योग्य वेळ कोणती?

रानमोडी पावसाळा संपल्यावर फुलते आणि पुढे तिचे केसाळ बी वाऱ्यावर उडू लागते. खडी व चिऱ्यांची वाहतूकही याच कोरड्या महिन्यांत होते. उडालेले बी खडीच्या ढिगांवर बसते, ट्रकातून रस्त्याच्या कडेला किंवा घराच्या जोत्यात जाते आणि मृगाच्या पावसाबरोबर उगवते. म्हणून चतुर्थीपासून दिवाळीपर्यंतचा काळ महत्त्वाचा आहे. या दिवसांत माती ओली असल्याने रोपे मुळासकट निघतात. रानमोडी नुसती छाटल्यास किंवा जाळल्यास बुंध्यातून पुन्हा फुटते. ती खणूनच काढावी. गाजरगवत उगवल्यापासून साधारण महिना-दीड महिन्यात फुलते. त्यामुळे पावसाळ्यात त्याची उपटणी एकदा करून भागत नाही.

खाणीवर योजावयाचे उपाय

१. खोदकामापूर्वी वरची माती वेगळी साठवावी. तीत तणांचे बी असल्याने ती खडीत मिसळू देऊ नये.

२. खडीचे ढीग, ट्रकांची वाट व खाणीच्या कडा वाहतूक सुरू होण्यापूर्वी तणमुक्त कराव्यात. ढिगावर तण उगवले असल्यास वरचा थर बाजूला काढावा.

३. यंत्रे व ट्रकांची चाके दुसऱ्या ठिकाणी नेण्यापूर्वी धुवावीत.

४. खाणीत साचलेले पाणी झिरपून विहिरींना मिळत असल्याने तेथे तणनाशके फवारणे टाळावे.

५. काम संपलेल्या भागावर साठवलेली माती पसरून स्थानिक गवत व झाडे लावावीत. पावसाळ्यात घरोघरी भाजीसाठी खुडला जाणारा टाकळा, म्हणजे गोव्याचा तायकिळो, दाट वाढला की गाजरगवतास डोके वर काढू देत नाही.

बंद खाणींकडे विशेष लक्ष देणे अगत्याचे आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानुसार १६ मार्च २०१८ पासून गोव्यातील लोहखाणींचे काम थांबले होते. काम थांबले तरी तण थांबत नाही. उलट राबता नसलेल्या जागी ते निर्वेध वाढते आणि काम पुन्हा सुरू होताच यंत्रांबरोबर बाहेर पडते.

सर्वांचा सहभाग

खडी स्वीकारताना ती तणविरहित असल्याची खात्री बांधकामावरील अधिकाऱ्यांनी करावी. नव्या रस्त्याच्या कडेला पहिल्या पावसानंतर काय उगवते, याची पाहणी पंचायतीने करावी. शिक्षकांनी विद्यार्थ्यांस ही झाडे ओळखावयास शिकवावे. मात्र मुलांकडून गाजरगवत उपटून घेऊ नये. मोठ्यांनीही हातमोजे घालून व नाकातोंडावर फडके बांधूनच ते काढावे. अधिक मार्गदर्शन तालुक्याच्या विभागीय कृषी कार्यालयात मिळू शकते.

खाणीच्या तोंडाशी जे काम चार मजूर काही दिवसांत करू शकतात, तेच बी शेतात उतरल्यावर सबंध गावास वर्षानुवर्षे करीत बसावे लागते.