रिकामी मसनद (लेखांक 9) : थोरला मुलगा कुठे होता?

सलाबतजंग आणि पेशव्यांमधला भालकीचा तह पुढच्या आठवड्यावर ढकलतोय. कुकडीकाठी ग्रहणाच्या रात्री पेशव्यांच्या छावणीवर फ्रेंच सेनानी बुसीचा छापा पडला, तिथून थेट तहाच्या कलमांवर यायचं ठरलं होतं. पण मध्येच आपल्या हिंगोली भागातल्या गोरेगावच्या एका वाचकाचं पत्र आलं. सवाल रोखठोक आहे : ‘‘नासिरजंग, मुजफ्फरजंग, सलाबतजंग, सगळे सांगून झाले. पण निजामाचा थोरला मुलगा कुठे होता? आणि थोरला असताना मसनद धाकट्यांकडे गेलीच कशी?’’

प्रश्न असा की त्याला दोन ओळींत वाटेला लावणं जिवावर येतं. हा थोरला, गाजिउद्दीन फिरोजजंग, माझ्या फार आवडीचा माणूस. या सगळ्या भाऊबंदकीत सर्वांत पक्का कागद त्याच्याकडे होता आणि सर्वांत कमी दिवस त्यालाच मिळाले.

बाप निजाम-उल-मुल्क 1 जून 1748 ला बऱ्हाणपुरात वारला तेव्हा गाजिउद्दीन दिल्लीत होता. 1740 च्या सुमारास बाप दक्षिणेत परतला तो मीर बक्षीच्या कामावर थोरल्याला आपला नायब म्हणून ठेवून. मीर बक्षी म्हणजे बादशाही फौजेच्या हजेरी-पगाराचा मुख्य अधिकारी. नाव मोठं, पण तोवर बादशहाकडे ना फौज उरली होती ना पगार. बऱ्हाणपुरात बापाच्या उशाशी होता दुसरा मुलगा, नासिरजंग. हाच तो 1741 मध्ये औरंगाबादेबाहेर बापाशी लढून हरलेला आणि कंधारच्या किल्ल्यात कैद भोगलेला. बापाने माफ केलं, शेवटचा वसियतनामा त्यालाच ऐकवला. मराठ्यांशी जमेल तितकं जुळवून घे, हाही उपदेश त्यात होता. बंडखोर असो की आज्ञाधारक, खजिना, तोफखाना आणि सरदार जिथे होते तिथे तो होता. थोरला शेकडो मैलांवर असेल तर त्याच्या थोरलेपणाला विचारतो कोण?

आता वाचकाच्या प्रश्नाचा खरा गाभा. दख्खनची मसनद ही कायद्याने गादी नव्हतीच, ती सुभेदारी होती. म्हणजे बादशहाची नेमणूक. बापामागून मुलगा असा हक्क तिच्यावर कुणालाच नव्हता, ना थोरल्याला ना धाकट्याला. सहा मुलगे आणि मुलीचा मुलगा मुजफ्फरजंग, सगळे एका पायरीवर. म्हणून जो उठला त्याने आधी दिल्लीची सनद पुढे केली, कुणी खरी, कुणी ‘येतेच आहे’ म्हणून. या घराण्याच्या शिक्क्यांवर बादशहाचं नाव वर आणि त्याचा ‘फिदवी’, म्हणजे चाकर, म्हणून सुभेदाराचं नाव खाली, अशी रीत. हैदराबादची नाणी तर थेट 1858 पर्यंत मोगल बादशहाच्या नावाने पडत राहिली. आपल्याकडे शेतकऱ्याला हे समजावून सांगावं लागणार नाही. सातबाऱ्यावर नाव एकाचं आणि वहिवाट दुसऱ्याची, हा तंटा तो रोज बघतो. गाजिउद्दीनचं नाव लागू शकत होतं. वहिवाट बसली ती नासिरजंगाची.

नासिरजंग त्याचा सख्खा भाऊ. तो जिवंत असेतो थोरल्याने फारशी हालचाल केली नाही. डिसेंबर 1750 मध्ये जिंजीजवळ एका पठाण नवाबाने नासिरजंगाला गोळी घातली, दोन महिन्यांत कडप्प्याच्या मुलखात मुजफ्फरजंगही गेला आणि बुसीने सलाबतजंगाला मसनदीवर बसवलं, हे आपण पाहिलंच. सलाबत सावत्र. फ्रेंचांनी बसवलेल्या सावत्र भावाला मुजरा करायचा, हे थोरल्याला पटण्यासारखं नव्हतं.

पण दिल्लीहून औरंगाबाद गाठायचं कशाच्या जोरावर? इथे त्याने जी शक्कल लढवली ती मला या सबंध युद्धातली सर्वांत हुशार वाटते. 1752 च्या वसंतात वजीर सफदरजंगाने बादशहाच्या वतीने मराठ्यांशी करार केला होता. अब्दालीपासून रक्षण करायचं आणि त्याबद्दल 50 लाख रुपये घ्यायचे. खजिन्यात खडखडाट. मल्हारराव होळकर आणि जयाप्पा शिंदे पैशांसाठी अडून बसलेले. गाजिउद्दीन म्हणाला, मला दख्खनची सुभेदारी द्या, मी यांना घेऊन जातो, तुमची डोकेदुखी गेली. दरबाराने सुटकेचा निःश्वास टाकला आणि सनद दिली. दिल्ली सुटली धनकोंच्या तावडीतून, आणि थोरल्याला फुकटात फौज मिळाली. फुकट म्हणजे रोखीने फुकट. मोबदला मुलखात द्यायचा होता.

सप्टेंबर 1752 च्या अखेरीस तो औरंगाबादेत दाखल झाला. पेशवे नानासाहेबही येऊन मिळाले. खानदेश आणि वऱ्हाडच्या पश्चिमेचा, तापीपासून गोदावरीपर्यंतचा मुलूख पेशव्यांना देण्याचं कबूल झालं. सलाबतजंग आणि बुसी दूर होते. सलाबतचा दिवाण राजा रघुनाथदास एप्रिलातच भालकीला, पगार थकलेल्या शिपायांच्या हातून मारला गेला होता. पट सगळा थोरल्याच्या बाजूने मांडलेला.

16 ऑक्टोबरला तो मेला.

हकिकत सर्वांच्या तोंडी आहे. सावत्र आई, म्हणजे धाकटा सावत्र भाऊ निजाम अली याची आई, औरंगाबादच्या वाड्यात होती. तिने मेजवानीला बोलावलं. ताटात आलेला एक पदार्थ आपण स्वतःच्या हाताने रांधलाय, असं तिने सांगितलं. आईच्या हाताचं नाकारणार कसं? खाल्लं, आणि रात्र निघाली नाही. इतिहासकार ग्रँट डफपासून बहुतेकांनी विषप्रयोगच मानला आहे. मलाही तसंच वाटतं, पण एक गोष्ट टोचते. तात्काळ फायदा झाला तो सलाबतजंगाचा. निजाम अली तेव्हा अवघा अठरा वर्षांचा, आणि त्याच्या वाटेत अजून सलाबत उभा होताच. त्याला मसनद मिळाली 1762 मध्ये, सलाबतला बिदरच्या किल्ल्यात टाकून. बाईने दहा वर्षं पुढचं पाहिलं म्हणायचं, की लेकाला वाटेकरी एक कमी, एवढाच हिशेब होता? मी दुसऱ्याच्या बाजूने. भाऊबंदकीत लोक एवढाच हिशेब करतात.

थोरल्याची शाखा इथे संपली असं मात्र समजू नका. दिल्लीत तो मुलाला ठेवून आला होता, सोळा-सतरा वर्षांचा शिहाबुद्दीन. बाप गेल्याचं कळताच हे पोर सफदरजंगाच्या दारी जाऊन बसलं आणि बापाची मीर बक्षीगिरी पदरात पाडून घेतली. पुढे हाच इमाद-उल-मुल्क. याने 1754 मध्ये अहमदशहा बादशहाला पदच्युत करून त्याचे डोळे काढले आणि 1759 मध्ये दुसऱ्या आलमगीराचा खून करवला. बापाला दख्खनची मसनद लाभली नाही. पोराने दिल्लीचं तख्त दोनदा रिकामं केलं.

आणि आपला भाग? पत्रातला हा दुसरा, जरा दबक्या आवाजातला प्रश्न. सलाबतजंग आणि पेशवे घोडनदी-कुकडीवर गुंतले होते तेव्हा नागपूरकर रघूजी भोसल्यांनी गाविलगड, नरनाळा घेतले आणि पैनगंगा ते गोदावरी या पट्ट्यातली मोगली ठाणी उठवून आपली बसवली. नकाशा काढून बघा : वर पैनगंगा, खाली गोदावरी, मध्ये सेनगाव, हिंगोली, औंढा, वसमत. मसनदीवर कोण बसतंय हे दूर कुठेतरी ठरत असताना इथल्या पाटील-देशमुखांपुढे दोन वसूलदार उभे होते, एक निजामाचा आमिल, दुसरा भोसल्यांचा कमाविसदार. वऱ्हाडातली पुढची दोअमली, एकाच गावाचा वसूल दोन सरकारांत वाटून घ्यायची पद्धत, अशाच वर्षांत घट्ट झाली. जिंजीच्या गोळीची झळ गोरेगावला पोचली ती सारापट्टीतून.

सलाबतचा पुढचा दिवाण शाहनवाजखान आणि त्याच्या ‘मआसिर-उल-उमरा’ या सरदारांच्या चरित्रकोशाचं विखुरलेलं हस्तलिखित, हा विषय काहींनी सुचवलाय. तो 1758 च्या औरंगाबादच्या हप्त्यात घेईन. एकाच दिवशी दोन दिवाणांचे खून आहेत, घाईत उरकण्यासारखं नाही. पुढच्या आठवड्यात भालकीच, नक्की.

तोवर एक विनंती. गोरेगाव, नर्सी, सेनगाव, कळमनुरी भागातल्या जुन्या वाड्यांत मोडी आणि फारसी कागद अजून पेट्यांमध्ये आहेत. त्यांना प्लास्टिक चिकटवून घेऊ नका, घड्या बळजबरीने सरळ करू नका. शिक्का आणि शेवटची तारखेची ओळ स्पष्ट येईल असा फोटो काढून पाठवा. 1751-52 चा एखादा वसुलीचा कागद मिळाला, तर त्या वर्षी इथे कुणाचा अंमल होता हे त्या गावापुरतं तरी ठरेल.