गाठ कापडाच्या पोटात हवी



जून जवळ आला की सोलापुरातल्या शिलाई कारखान्यांत गणवेशांची घाई उडते. नगावर मजुरी घेणाऱ्या बाईला तर मिनिटामिनिटाचा हिशोब असतो. नेमकं अशाच वेळी मशीन रुसतं. वरून टाका सरळ, देखणा. कापड उलटून पाहावं तर खाली दोऱ्याची जाळी! शिवण उसवायची, पुन्हा घालायची आणि त्या वेळेची मजुरी कोणी देत नाही. तसाच माल पुढे गेला, तर कुणा पोराच्या सदऱ्याची बगल पहिल्याच आठवड्यात उसवते.

अशा वेळी हात आधी टेन्शनच्या नटाकडे जातो. तिथंच चूक होते.

एका सुईच्या कारखानी मशीनचा टाका दोन दोऱ्यांचा. एलियास होवे यांनी १८४६ साली अमेरिकेत पेटंट घेतलं, ते अशाच टाक्याच्या यंत्राचं. सुई वरचा दोरा खाली नेते, हुक त्याचा फासा पकडून बॉबिनभोवती फिरवतो आणि दोन्ही दोरे एकमेकांत अडकतात. दोघांची ओढ सारखी असली की गाठ कापडाच्या पोटात लपते. एकाची ओढ जास्त झाली की रस्सीखेचीसारखी ती त्याच्या बाजूला सरकते. म्हणजे खाली जाळी दिसली, तरी दोष बहुधा वरच्या ढिल्या दोऱ्यात असतो. उलट वरच्या बाजूला खालच्या दोऱ्याचे ठिपके दिसले, तर वरचा दोरा जास्त ताणलेला किंवा खालचा ढिला.

आमच्याकडे एका बाईंनी सकाळपासून तीनदा नट आवळला होता. जाळी काही जाईना. पाहिलं तर दोरा टेन्शनच्या दोन चकत्यांमध्ये बसलाच नव्हता, कडेवरून जात होता. कापड दाबणारं पाऊल खाली असताना त्यांनी दोरा ओवला होता. पाऊल खाली असलं की चकत्या मिटलेल्या असतात. वर उचललं की उघडतात. दोरा नीट बसवला, आणि आवळून ठेवलेल्या नटामुळे तो तटातटा तुटू लागला! एका दोषाचे दोन झाले.

म्हणून क्रम लक्षात ठेवा. आधी मोटर बंद करा. क्लच मोटरचं चाक बटण बंद केल्यावरही काही वेळ फिरत राहतं. ते पूर्ण थांबल्याशिवाय सुईजवळ बोट नेऊ नका. मग पाऊल वर करून वरचा दोरा काढा आणि पुन्हा ओवा. सुई वाकलेली, बोथट असेल तर बदला. तिची लांब खाच शिवणाऱ्याच्या डाव्या हाताला हवी आणि सुई पूर्ण वर जाऊन बसलेली हवी.

त्यानंतर बॉबिन केस बाहेर काढा. तिच्या पट्टीखाली दोऱ्याचा कचरा अडकला असेल तर साफ करा. बॉबिन एकसारखी भरलेली आहे ना, हेही पाहा. आता दोऱ्याचं टोक धरून केस लोंबती सोडा. हलका झटका दिल्यावर ती थोडी खाली सरकून थांबली, तर साध्या सदऱ्याच्या कापडाला ओढ ठीक आहे. धाडकन पडली तर ढिली, हललीच नाही तर घट्ट. स्क्रू फिरवायचाच असेल, तर घड्याळाचा मिनिटकाटा पाच मिनिटांत सरकतो तेवढाच.

एवढं झाल्यावरच वरच्या नटाला हात लावा, तोही थोडा थोडा. वर लाल आणि खाली काळा दोरा घालून त्याच कापडाच्या दुहेरी तुकड्यावर शिवून पाहा. वर फक्त लाल, खाली फक्त काळा दिसला की जमलं. एवढं करूनही दोरा तुटत असेल, तर हुकवर ओरखडा असू शकतो. ते काम मात्र मेकॅनिकचं.

कित्येक कारखान्यांत बायकांना ‘मशीनला हात लावू नका’ असं बजावतात. मेकॅनिक येईपर्यंत मशीन बंद आणि मजुरीही बंद. ही तपासणी दहा मिनिटांची आहे. ती शिवणाऱ्या हातांना शिकवली, तर मालकाचा माल वाचेल आणि त्या बाईचा रोजही.