मार्चची खरेदी अन् कुलपातली पुस्तकं

मार्चचा शेवटचा आठवडा आला, की गावोगावच्या वाचनालयांच्या कार्यवाहांची धांदल उडते. बिलं ३१ तारखेच्या आत लावायची असतात. मग तालुक्याला जायचं, विक्रेता बांधून देईल तो गठ्ठा एस.टी.त टाकून आणायचा, दाखल रजिस्टरला चढवायचा अन् कपाटाला कुलूप. तपासणीला साहेब आले की आकडा बरोबर! गावानं त्यातलं काय वाचलं, हे कोण विचारतो?

अशाच एका गावात आम्ही देवघेवीचं रजिस्टर चाळलं. शिवार कोरडवाहू, पिकं ज्वारी अन् तूर. कपाटात मात्र द्राक्षबागेच्या एकाच पुस्तकाच्या तीन प्रती, कोऱ्या करकरीत. ऐतिहासिक कादंबऱ्यांचे पुठ्ठे निखळलेले. भरतीची पुस्तकं जुन्या अभ्यासक्रमाची, पोरं ती बघून परत जातात. ‘आमच्याकडं बाया वाचत नाहीत,’ असं एका पंचानं ठासून सांगितलं. रजिस्टर नीट पाहिल्यावर उलगडा झाला. नोंद शाळकरी पोराच्या नावावर, पुस्तक मात्र घरगुती कादंबरीचं. वाचणारी घरात बसलेली आई! कमिटी खरेदी करते ती पोराचं नाव पाहून.

महाराष्ट्रात ग्रंथालयाचा कायदा १९६७ साली झाला. ‘अ’ ते ‘ड’ असे वर्ग आहेत. वर्ग ठरताना पुस्तकांची संख्याही मोजतात, अन् वर्गाप्रमाणे अनुदान मिळतं. म्हणून वाळवी लागलेलं पुस्तकही कुणी काढत नाही. आकडा घटला तर वर्ग जाईल, ही धास्ती. ती खोटी नाही. पण जीर्ण पुस्तकांची यादी करून, ठराव घेऊन, रीतसर निर्लेखन करता येतं. त्याच वर्षी नवी घेतली की आकडाही राखला जातो.

खर्चाचं म्हणाल, तर राहुरी, अकोला, परभणी, दापोली या कृषी विद्यापीठांची प्रकाशनं परवडतात. कृषी खात्याचं ‘शेतकरी’ मासिक आहे. वारसनोंद, फेरफार, सातबारा यांवरचं एक सोपं पुस्तक घ्या, तलाठ्याकडचे दोन हेलपाटे वाचतील. कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानाकडूनही ग्रंथ मिळतात, जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांकडं चौकशी करावी.

आता, मागेल तेवढंच घ्यायचं म्हटलं तर निम्मं कपाट कादंबऱ्यांनीच भरेल. कुणी न मागितलेली चार चांगली पुस्तकंही हवीत. ती कोणती, हे गुरुजींना विचारा, विक्रेत्याला नको.

त्या गावात आता दाराशी दोरीनं एक वही टांगलीय. ज्याला जे हवं ते त्यानं लिहावं. पहिल्या पानावर लिहिलंय, ‘तुरीवरच्या अळीचं पुस्तक’. त्याखाली पोराच्या अक्षरात, ‘आईसाठी मोठ्या टायपाचं, कसलंही चालेल’.